घरातला मान: अल्झायमर झालेल्या माणसाला आठवणींत आणि सणांत सोबत ठेवण्याच्या पायऱ्या

पुण्यात 'मान' हा शब्द गणपतीमुळे सगळ्यांच्या तोंडी असतो. मानाचे पाच गणपती कोणते आणि विसर्जनाला त्यांचा क्रम कसा, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. असेच मान प्रत्येक घरातही ठरलेले असतात. दिवाळीच्या पहाटे उटणे कोण लावणार, पुरणाची पहिली पोळी कोण लाटणार, आरतीचे ताट कोणाच्या हातात असणार आणि गौरी दारातून आत कोण आणणार, हे कुठेही लिहिलेले नसते. तरी ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. घरात अल्झायमर शिरला की हे मान एकेक करून काढून घेतले जातात. हात भाजेल, ताट पडेल, मोजमाप चुकेल अशी काळजी त्यामागे असते, आणि "तू आता निवांत बस" हे वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. माझ्या आईचे निदान २०१५ साली झाले, तेव्हा पहिल्या वर्षभरात आम्ही हेच केले आणि सणाच्या दिवशी आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पाहुण्यासारखी बसलेली दिसू लागली. पुढची काही वर्षे आम्ही जे शिकलो, ते ज्यांच्या घरी निदान नुकतेच झाले आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला: निदान आणि थोडी माहिती

विसरणे वाढले म्हणजे अल्झायमरच, असे घरच्या घरी ठरवू नये. स्मृतिभ्रंश हे लक्षणांचे नाव आहे आणि त्यामागे अनेक कारणे असू शकतात. अल्झायमर हे त्यातले सर्वांत मोठे कारण असून जगभरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये ते आढळते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार असतात. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून रक्ताच्या तपासण्यांसह रीतसर निदान करून घ्यावे. निदानानंतरही, दोन-चार दिवसांत गोंधळ एकदम वाढला तर आजारच वाढला असे समजून गप्प बसू नये, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गासारखे साधे कारणही वृद्धांमध्ये असा गोंधळ उडवते. हा आजार दुर्मीळ नाही, हेही मनाशी ठेवावे. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला.

आठवणींचे काम कसे बिघडते हे थोडे समजून घेतले, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात. नव्या घटना साठवून ठेवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमर सहसा त्या परिसरालाच आधी धरतो. म्हणून सकाळचा चहा घेतल्याचे दुपारी आठवत नाही, पण शाळेतल्या बाई, लग्नाचा मांडव, पहिली नोकरी या साधारण १० ते ३० वर्षांच्या वयातल्या गोष्टी बराच काळ टिकून राहतात. वाती वळणे, पोळी लाटणे, टाळ वाजवणे अशी हातांत मुरलेली कामे मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असल्यामुळे तीही उशिरापर्यंत राहतात. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उपयोगी पडली: घटना विसरली जाते, पण तिने मनात उमटवलेला आनंद किंवा दुःख त्यानंतरही काही काळ रेंगाळते. सकाळी कोणी रागावले हे आईला दुपारी सांगता येत नसे, पण दुपारभर ती हिरमुसलेली असे.

पहिली पायरी: दोनशे पानी वही

अप्पा बळवंत चौकात मिळते तशी साधी दोनशे पानी वही आणावी आणि तिच्यात त्या माणसाचे आयुष्य लिहायला घ्यावे. हे काम निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच करावे, कारण पुष्कळशी माहिती ज्यांच्याकडे असते ते स्वतः तेव्हाच ती सांगू शकतात. ते सांगत असताना मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा, मात्र आधी त्यांना विचारून. चोरून केलेले ध्वनिमुद्रण पुढे ऐकताना आपल्यालाच टोचते.

मोठ्या घटनांची यादी करून भागत नाही. जन्मगाव, शाळा, लग्नाची तारीख हे कुठेही सापडते. वहीत हवे ते बारीकसारीक. लहानपणी त्यांना कोणत्या नावाने हाक मारत, चहात आले की गवती चहा, देवाला कोणते फूल, कपाळावरचे कुंकू कोरडे की टिकली, झोपताना उजव्या कुशीवर की डाव्या, कोणत्या नातेवाइकाचे नाव काढले की चेहरा फुलतो आणि कोणाचे काढले की मिटतो. आई महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या वर्गाची हजेरी ती कोणत्या सुरात घेत असे, हे मला तिच्या सहकारी बाईंनी सांगितले; मला ते ठाऊकच नव्हते. पुढे आंघोळीला ती हटून बसली की मी तिच्या हातात जुनी हजेरीची वही देत असे, ती चार-पाच नावे वाचत असे आणि मग "शाळेला उशीर होईल" म्हटल्यावर स्वतःहून उठत असे. हे तिला फसवणे झाले का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शाळेचे ते रोजचे वेळापत्रक तिने ३० वर्षे पाळले होते आणि ते तिच्यासाठी खरेच होते, म्हणून मला त्यात गैर वाटत नाही.

माहिती गोळा करायला सर्वांत मोठी मावशी, आते, वाड्यातले शेजारी, भिशीच्या मैत्रिणी यांना गाठावे. त्यांचीही वये झालेली असतात, तेव्हा "पुढच्या सुट्टीत जाऊ" असे म्हणू नये. १९५७ साली एप्रिलमध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, तेव्हा आई दहा वर्षांची होती. भाजीवाल्याशी ती आण्यांत हिशेब का करू लागली हे मला कळेना. आजोळी चौकशी केल्यावर कळले की दुकानात पाठवल्यावर तो हिशेब घरी येऊन बिनचूक सांगणे हे तिचे कौतुकाचे काम होते. पावकी, निमकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे तिला तेव्हापासून पाठ होते. वहीत हे लिहिल्यानंतर आम्ही तिला दुरुस्त करणे सोडले आणि संध्याकाळी तिच्या बरोबर पाढे म्हणू लागलो.

ही वही पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला, विशेषतः रुग्ण सांभाळायला ब्युरोमधून आलेल्या मावशींना, पहिल्या दिवशी वाचायला द्यावी. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी पहिल्या पानावर दहा ओळींचा सारांश ठेवावा.

दुसरी पायरी: परीक्षा घेणे थांबवा

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत अवघडही. "मला ओळखलंस का?", "मी कोण, सांग बरं!", "आज वार कोणता?" हे प्रश्न विचारणे घरातल्या प्रत्येकाने, आणि येणाऱ्या पाहुण्यांनीही, बंद करावे. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्ण स्त्रीवरून १९०६ साली या आजाराचे वर्णन मांडले, तिच्याशी १९०१ साली रुग्णालयात झालेल्या संभाषणाच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांत पतीचे नाव विचारल्यावर ती स्वतःचेच नाव सांगते. डॉक्टरला असे प्रश्न विचारावेच लागतात, कारण आजार कुठवर आला हे त्याला मोजायचे असते. घराला काहीच मोजायचे नसते. आपल्या प्रश्नातून समोरच्या माणसाला फक्त आपण नापास झालो एवढे कळते, आणि वर म्हटल्याप्रमाणे ती भावना दिवसभर राहते.

म्हणून माहिती मागू नये, आपण ती द्यावी. खोलीत शिरताना "आई, मी तुझी थोरली. नारायण पेठेतून आलेय, येताना तुझ्यासाठी सोनचाफा आणलाय" असे सांगावे. "आठवतंय का, आपण सिंहगडावर गेलो होतो?" असे न विचारता "सिंहगडावर तू सगळ्यांना मडक्यातलं दही घेऊन दिलं होतंस" असे म्हणावे. त्यांना आठवले तर ते पुढचे सांगतील, आणि नाही आठवले तरी एक चांगली गोष्ट ऐकून होईल. त्यांनी काही चुकीचे जोडले, दोन सहलींची सरमिसळ केली, मेलेल्या माणसाला सहलीत आणले, तर ते तसेच राहू द्यावे.

पाहुण्यांना हे दारातच सांगावे लागते. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. निदानानंतरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हौसेने सगळ्यांसमोर आईला विचारले, "बाबांचं नाव काय, सांग बरं!" तिला सांगता येईना. बायका गप्प झाल्या आणि आई पदर तोंडाशी घेऊन आत निघून गेली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी एका वयस्कर शेजारणीने सहज उखाणा घेतला आणि "आता तुमचा होऊन जाऊ दे" म्हणून आईकडे पाहिले. आईने लग्नात घेतलेला उखाणा, वडिलांच्या नावासकट, न अडखळता पुरा केला. थेट विचारल्यावर हरवलेले ते नाव उखाण्याच्या लयीत जागच्या जागी होते. अशा ठरलेल्या लयीच्या जागा आपल्या परंपरेत पुष्कळ आहेत. गौरी घरात आणताना "कशाच्या पावलांनी आली?" असे विचारले की "सोन्याच्या पावलांनी" हे उत्तर आठवावे लागत नाही, ते तोंडातून येते. भोंडल्याच्या खिरापतीत तर सगळ्याच बायका चुकीचे पदार्थ ओळखत असतात, त्यामुळे तिथे न ओळखण्याची लाज कोणालाच नसते. असे खेळ मुद्दाम ठेवावेत.

परदेशातल्या नातवंडांच्या व्हिडिओ कॉललाही हाच नियम लावावा. पडद्यावरचा चेहरा कोणाचा हे कळायला त्यांना जड जाते आणि "आजी, मी कोण?" ने ते अधिक जड होते. नातवाने आपले नाव सांगून सुरुवात करावी, एखादी आरती किंवा पाढा सोबत म्हणावा आणि दहा मिनिटांत कॉल संपवावा. भारतातली सकाळची वेळ निवडावी, कारण संध्याकाळी यांतले बरेच रुग्ण थकलेले आणि अस्वस्थ असतात.

तिसरी पायरी: एक पेटी आणि थोडी छायाचित्रे

जाड अल्बम उपयोगाचा नाही. पंधरा-वीस छायाचित्रे निवडून, मोठी करून, एका पानावर एकच लावावे आणि खाली ठळक देवनागरीत नाव व प्रसंग लिहावा. तरुणपणीची छायाचित्रे अधिक ठेवावीत, कारण पुढे पुढे आपला आजचा चेहराही त्यांना परका वाटू लागतो.

छायाचित्रांपेक्षा वस्तू अधिक बोलक्या असतात, असा माझा अनुभव आहे. पत्र्याची एखादी जुनी ट्रंक घेऊन तिच्यात हात लावण्याजोगे आणि वास घेण्याजोगे सामान ठेवावे: इरकल लुगड्याचा तुकडा, पितळी फिरकीचा तांब्या, सायकलची घंटी, शिकेकाईची पुडी, वाळ्याची जुडी, जुने रेशनकार्ड, खडू. पूर्वीच्या पुण्यात ज्यांचे आयुष्य सायकलवर गेले त्या वडीलधाऱ्यांच्या हातात नुसती घंटी दिली तरी ते बोलू लागतात. एका वेळी दोन-तीनच वस्तू बाहेर काढाव्यात. कापूर, डांबराच्या गोळ्या, सुया, बारीक मणी असे तोंडात जाण्याजोगे किंवा टोचण्याजोगे काही ट्रंकेत नसावे.

म्हातारी माणसे जुन्या काळात रमतात ते त्यांच्या उताराचे लक्षण, असे एके काळी मानले जाई. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली आयुष्याकडे असे वळून पाहणे ही वृद्धत्वातली स्वाभाविक गरज आहे, असे मांडले, आणि त्यानंतर आठवणींच्या आधाराने उपचार करण्याची पद्धत वाढली. तिचा गुण माणसागणिक कमीजास्त येतो आणि तिने आजार थांबत नाही. तेव्हा ट्रंक उघडल्याने स्मरणशक्ती परतेल अशी आशा धरू नये. तो अर्धा तास बरा गेला, एवढे पुरे आहे.

चौथी पायरी: हातांना रोजचे काम

सणांची वाट न पाहता रोजच्या दिवसात त्यांचा एक मान ठरवून द्यावा. आमच्याकडे तो दिवेलागणीचा होता. या आजारात सूर्य मावळतीला येऊ लागला की अस्वस्थता वाढते, येरझारा सुरू होतात, घर परके वाटू लागते. आम्ही अंधार पडण्याच्या अर्धा तास आधीच घरातले सगळे दिवे लावत असू, आईला हातपाय धुऊन देवघरासमोर स्टुलावर बसवत असू आणि वाती तिच्या हातात देत असू. ज्योत मी पेटवायची आणि नमस्कार आधी तिने करायचा, असा क्रम ठरला. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम ठेवला तर महिनाभरात फरक दिसू लागतो.

मेथी निवडणे, मटार सोलणे, शेंगा फोडणे, फुलांचे देठ काढणे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणे ही कामेही तशीच. पुरुषांच्या हातांचाही विचार करावा. आयुष्यभर कारखान्यात काम केलेल्या गृहस्थांना मोठे नटबोल्ट जोडायला आणि सोडवायला दिले तर ते तासभर रमतात. एक नियम मात्र कसोशीने पाळावा: त्यांनी केलेले काम त्यांच्यादेखत पुन्हा करू नये. वात जाड झाली तर जाड जळते. निवडलेल्या मेथीत देठ राहिले तर ते नंतर स्वयंपाकघरात काढावेत.

पाचवी पायरी: सण लहान करा, मान तसाच ठेवा

सणाच्या आधी पंधरा दिवस घरच्यांनी बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. या सणात या व्यक्तीचा मान कोणता होता, आणि आज त्यातला कोणता तुकडा त्यांना झेपेल. ज्या आईने एके काळी पंचवीस माणसांचे पुरण शिजवले, तिला निदानानंतर दोन वर्षे पोळ्या लाटता येत होत्या. पुढे पहिली पोळी तेवढी लाटता येत होती. त्यानंतर पुरणाचा गोळा हातात देता येत होता. शेवटी नैवेद्याच्या ताटाला तिचा हात लावून ताट पुढे जाई. काम दरवर्षी लहान होत गेले तरी पहिला हात तिचाच राहिला. मान असा पायरीपायरीने लहान करत न्यावा, एका फटक्यात काढून घेऊ नये.

गणेशोत्सवात पुण्याचा आवाज हा मोठा प्रश्न असतो. ढोल-ताशांचा दणका, लाउडस्पीकर आणि गर्दी यांनी या आजाराचा माणूस भेदरतो, आणि विसर्जन मिरवणूक तर अलीकडे २४ तासांहून अधिक चालते. पेठांमध्ये मिरवणुकीच्या मार्गाजवळ राहणाऱ्यांनी त्या दिवसांपुरते त्यांना उपनगरातल्या भावंडांकडे हलवावे असे अनेक जण सुचवतात, पण माझा अनुभव उलट आहे: अनोळखी घरात गोंधळ अधिक वाढतो. शक्य असेल तर त्यांच्याच घरातली आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि ओळखीच्या आवाजातले भजन बरे. मंडळाचा गणपती पाहण्याची हौस असेल तर सुरुवातीच्या दिवसांत, आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी सात-साडेसातच्या सुमारास एकाच गणपतीला न्यावे आणि परत यावे. घरच्या आरतीला पंधरा माणसे एकदम न बोलावता तीन-चार जणांना बोलवावे, झांजा हळू वाजवाव्यात आणि टाळ त्यांच्या हातात द्यावा. शब्द गेलेली माणसेही आरतीचा ठेका धरतात.

दिवाळीत फटाक्यांचा तोच त्रास. मात्र अभ्यंगस्नान हा या आजारात फार मोलाचा संस्कार ठरतो, कारण एरवी आंघोळ ही रोजची झटापट असते. उटण्याचा वास, कोमट तेल, पाट आणि पाटाभोवतीची रांगोळी यांनी आईचे अंग सैल पडत असे. ते पाहून आम्ही पुढे वर्षभर दर रविवारी थोडे उटणे वापरू लागलो. पणत्या मात्र उंचावर ठेवाव्यात, आणि साडीचा पदर किंवा ओढणी खोचलेली असावी.

खाण्यापिण्याची काळजी सणांतच अधिक लागते. आपण जेवलो हे विसरून त्या पुन्हा जेवायला मागतात, आणि मधुमेह असेल तर गोडाचा हिशेब राहत नाही. ताटात पदार्थ थोडे आणि वाट्या लहान ठेवाव्यात. चावणे-गिळणे मंदावल्यावर चिक्की, तिळाचे कडक लाडू, कडबोळी देऊ नयेत. पुरणपोळी दुधात कुस्करून, करंजीतले नुसते सारण मऊ करून देता येते. एकादशीचा उपास जन्मभर केलेल्या माणसाला "आता नको" म्हणण्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि भोपळ्याची भाजी असे पोटभर उपासाचे जेवण द्यावे, आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून सांभाळाव्यात.

सहावी पायरी: बाहेर नेताना, आणि "मला घरी जायचंय" म्हटल्यावर

ओळखीच्या जागी नेल्याने मन प्रसन्न होते, पण जागा निवडताना ती आजही तशीच आहे का हे आधी पाहून यावे. सारसबागेतला तळ्यातला गणपती सकाळी शांत असतो. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची आहे आणि बाहेरून अजून ओळखता येते; दुपारी गर्दी ओसरल्यावर तिथे भाजीला हात लावून पाहण्यात आईला फार आनंद होत असे. तुळशीबागेत मात्र संध्याकाळी नेऊ नये. जिथे त्यांचा वाडा होता आणि आता सात मजली इमारत उभी आहे, तिथे तर अजिबात नेऊ नये. आम्ही एकदा नेले आणि ती त्या फाटकाशी उभी राहून आपल्या आईला हाका मारत राहिली.

"मला घरी जायचंय" हे वाक्य स्वतःच्या घरात बसूनही ऐकावे लागते. "हेच तर तुझं घर" असे पटवण्याचा उपयोग होत नाही. त्या मागत असतात ते बहुधा लहानपणचे, सुरक्षित वाटणारे घर. "जाऊ या. तुझ्या घरी अंगणात काय काय होतं गं?" असे म्हणून त्यांच्या बरोबर त्या घराविषयी बोलावे, एक फेरी मारून यावे आणि परतल्यावर चहा ठेवावा. एकटे बाहेर पडण्याची भीती या काळात खरी असते. त्यामुळे नाव व घरच्यांचे दोन फोन नंबर असलेले पदक गळ्यात असावे, तीच पट्टी ब्लाउजला किंवा सदऱ्याला आतून शिवावी, अलीकडचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये तयार ठेवावे, आणि माणूस दिसेनासा झाल्यास वाट न पाहता ११२ क्रमांकावर कळवावे.

सातवी पायरी: दुखऱ्या आठवणी

सगळ्याच जुन्या आठवणी सुखाच्या नसतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आई चौदा वर्षांची होती. आजार वाढल्यावर पावसाचा जोर वाढला की ती घरभर "पाणी आलं, सामान वर घ्या" असे सांगत फिरे. चौथ्या मजल्यावर पाणी येणार नाही हा आमचा युक्तिवाद तिच्यापर्यंत पोहोचत नसे. शेवटी भावाने एके दिवशी तिच्या देखत दोन पिशव्या माळ्यावर टाकल्या आणि "सगळे वर आलेत, कोणी खाली राहिलं नाही" असे तिचा हात धरून सांगितले. तेव्हापासून तेच वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पुण्यातल्या त्या वयाच्या पुष्कळ माणसांच्या मनात तो पूर आहे. तुमच्या घरी पावसाळ्यात अशी अस्वस्थता दिसली तर तिथे शोध घ्यावा.

गेलेल्या जोडीदाराची चौकशी हा दुसरा अवघड प्रसंग. "बाबा गेले, पाच वर्षं झाली" हे दर वेळी सांगितले तर त्यांच्यासाठी मृत्यू दर वेळी नव्याने घडतो. बाबा कुठे आहेत याचे उत्तर टाळून बाबांविषयी बोलावे: त्यांना कोणती भाजी आवडे, ते किती वाजता फिरायला जात. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन बरेचदा पितृपक्षाच्या आसपास येतो, आणि श्राद्धाच्या दिवशी हार घातलेले छायाचित्र पाहून काही जणांना धक्का बसतो. आम्ही त्या दिवशी हार वेगळ्या ताटात ठेवू लागलो आणि वडिलांच्या आवडीचा स्वयंपाक मात्र आईच्या नावाने, तिला सांगून केला.

शेवटच्या टप्प्यात

बोलणे बंद होते, माणूस अंथरुणाला खिळतो, तेव्हा भेटायला येणारे "आता त्यांना काय कळणार" म्हणून बाहेरच्या खोलीत बसतात. त्यांना आत आणावे. खुर्ची उशाशी ठेवावी, हात हातात घ्यायला सांगावे आणि नाव सांगून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावे. सणाच्या दिवशी पलंगावरची चादर बदलावी, गजरा उशाशी ठेवावा, आरती त्या खोलीत करावी. प्रसादाचा कण तोंडात घालण्याआधी गिळता येते का हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. येत नसेल तर तीर्थाने ओठ ओले करण्याचीही घाई करू नये, नुसता कपाळाला अंगारा लावावा.

सांभाळणाऱ्यासाठी

वरचे सगळे एका माणसाने करायचे नाही. बहुतेक घरांत ते सुनेवर किंवा एकट्या मुलीवर येऊन पडते आणि बाकीचे फोनवरून सूचना देतात. वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वार आणि तास लिहावेत, परदेशातल्यांची नावेही. ते पैसे, औषधांची खरेदी, डॉक्टरांच्या वेळा हे भाग सांभाळू शकतात. सांभाळणाऱ्याची झोप उडाली, रडू आवरेनासे झाले, रुग्णावर हात उगारला जाऊ लागला, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ क्रमांकावर फोन करावा. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. माझ्या धाकट्या भावाने दर शनिवारी दुपारी दोन ते सहा आईजवळ बसायचे असे चार वर्षे पाळले. त्या चार तासांत ते दोघे मिळून पुढच्या आठवड्याच्या वाती वळून ठेवत आणि मी शेजारच्या खोलीत दार लावून झोपत असे.